एका बोडीच्या दोघी

बालाघाट
एप्रिल १९६८

प्रिय मैना,

पाकीट हातात पडलं की तू आधी ते उलटंसुलटं करशील, मग वरचं अक्षर ओळखशील आणि चुलीत घालायला उठशील. थोडी थांब. वाचून झाल्यावर घाल. माझ्या परसातून तुझ्या छपराची कवेलू दिसतात, तुझा कोंबडा आरवला की मी अंथरूण सोडते, आणि तरी मी तुला बालाघाटहून पोस्टानं पत्र पाठवते आहे. पोस्टमन राजेगावहून सायकल हाणत येईल, आपल्या दोघींच्या मधल्या कुंपणापाशी उतरेल आणि गालातल्या गालात हसेल. हसू दे बापड्याला. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. जोडाक्षरं तुला अजून जड जातात हे मला ठाऊक आहे, कारण तुला शिकवणारी मीच. आणि तुझ्या घरात हे मराठी पत्र तुझ्याशिवाय कोणाला धड समजायचंही नाही. आपली पोरं सगळी हिंदी शाळेतली.

आज आपल्या केसची तारीख होती. तू आली नाहीस. सकाळच्या बसमध्ये मी नेहमीसारखी पुढच्या बाकावर बसले. मागे वळून बघायचं नाही हा आपला नेम. पण तुझा खोकला ऐकू येईना, तशी वाघ नदीचा पूल जवळ आल्यावर मी वळून पाहिलंच. मागच्या बाकावर कोणी परकी बाई मोहफुलांचं गाठोडं घेऊन बसली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत बसले, समोरचा बाक रिकामा. इतकी वर्षं त्या बाकाकडे पाठ करून बसत आले, आज पाठ कोणाकडे करू? रागवायलाही माणूस लागतं गं. वकिलाच्या कारकुनानं सांगितलं की तुझे गुडघे धरले आहेत आणि तुला खाटेवरून उठवत नाही. मग पुकारा झाला, साहेबांनी दोन मिनिटांत पुढची तारीख दिली. आता उन्हाळ्याची सुट्टी, कोर्ट उघडणार ते पावसाळ्यात.

पावसाळ्यात, मैना. म्हणजे आणखी एक वर्ष बोडी, आपलं एवढंसं तळं, अशीच राहणार. मला आता हे सोसत नाही. भांडणाचं म्हणशील तर त्याची सवय झाली आहे, ते सोसतं. बोडीचं सोसत नाही. तूही बघतेसच की. गाळ इतका चढला आहे की भर मध्यात ढोरांचे पाय गुडघ्यापर्यंतसुद्धा भिजत नाहीत. पाळीच्या बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली आहेत आणि पाणी सोडायच्या तुडुमाच्या दगडापासून पाणी रात्रंदिवस झिरपतं. गेल्या साली दसऱ्याच्या आधीच तळ दिसला. धान निसवायला आला आणि पाणी संपलं. माझ्या बांधीत लोंब्या उभ्या होत्या, आत दाणा नव्हता. तुझ्या बांधीतही नव्हता, मी पाहिलं. तू तो धान ढोरांसाठी कापत होतीस आणि मधेच विळा टाकून बांधावर बसलीस. मी इकडे माझ्या बांधावर बसले होते. एवढं जवळ बसून आपण दोघी एक शब्द बोललो नाही. वा रे आपण.

त्यानंतर माझा मोतीलाल उकव्याला गेला. खाणीत लागला. मँगनीजच्या धुळीनं काळा होतो, पण पगार वेळेवर मिळतो, म्हणतो. होळीला आला तेव्हा सरळच बोलला. अम्मा, ये खेत बेच दो, मेरे साथ चलो, क्वार्टर मिला है. माझं पोर मला अम्मा म्हणतं आणि हिंदीत शेत विकायला सांगतं. मी म्हटलं, यंदाचा धान पाहू, मग ठरवू. तो हौ म्हणाला, पण त्याचं मन उडालं आहे. गिऱ्हाईकही त्यानं पाहून ठेवलं आहे, गोंदियाचा कोणी राइस मिलवाला. तेव्हा समजून घे. या उन्हाळ्यात गाळ निघाला नाही आणि पाळ बुजली नाही, तर पुढल्या रोवण्याला मी या गावात नसेन. तुझ्या कुंपणापलीकडे मिलवाल्याचा मुनीम राहील. त्याच्याशी भांडून पाहा, मग तुला माझी किंमत कळेल.

तुला आठवतं, आपण एकाच साली सुना होऊन या गावात आलो. मी तुमसरची, चौथी पास, पण चिखलात कधी पाय न घातलेली. आमचे बाबा शाळेत शिपाई, घरी शेत नाही. पहिल्याच रोवण्याला सासूनं पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंडी हातात दिली आणि मी बांधीत तोंड समोर करून चालायला लागले. बाया खो खो हसल्या. तू तेवढी आलीस, माझे खांदे धरून मला फिरवलंस आणि म्हणालीस, माय वो, मांगं मांगं जा लागते, नाहीतर आपलंच रोवलेलं आपणच तुडवशीन. संध्याकाळी माझी कंबर मोडली होती, पिंढरीला जळवा लागल्या होत्या, मी रडत होते. तू जळवांवर मीठ टाकलंस आणि वर शिव्याही घातल्यास. मला म्हणालीस, तुले येते तरी काय? मी म्हटलं, लिहायला येतं. तू मिठाचे हात लुगड्याला पुसलेस. मग हळूच विचारलंस, मले शिकवशीन?

बोडीच्या पाळीवर बसून ओल्या मातीत काडीनं शिकवलं मी तुला. पहिल्यांदा म, मग ना. मैना लिहायला तुला किती घाई होती! वरच्या दोन मात्रा द्यायला तू दर वेळी विसरायचीस आणि मी म्हणायचे, ही तर मना झाली, मैना कुठं आहे? सासवा समजायच्या की आपण ढोरं राखतो. पाऊस आला की सगळी अक्षरं वाहून जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आमच्या शाळेत 'मले' लिहिलं की मास्तर छडी मारायचे, म्हणून मी कागदावर 'मला' लिहिते आणि तोंडानं 'मले' म्हणते. तुला मात्र मी कधी मारलं नाही. तू मला कधी मारलं नाहीस असं म्हणता येणार नाही.

आता ती जुनी गोष्ट. तू म्हणशील, अनुसया म्हातारी झाली, तेच तेच उगाळते. उगाळू दे. बोडी खोदली ती आपल्या दोघींच्या सासऱ्यांनी मिळून. आधी तिथं नुसता ओहोळ होता. दोघांनी उन्हाळेच्या उन्हाळे माती ओढली, घरची बायापोरं लावली, पाळ बांधली, तुडुमाचा दगड गाडीनं आणला. तेव्हा कोणाची, हा सवालच नव्हता. पाणी सोडायचं तर एकानं पाण्यात बुडी मारून तुडुमाचा खुंटा काढायचा आणि दुसऱ्यानं काठावरून त्याच्या कमरेचा दोर धरायचा. एकट्यादुकट्याचं कामच नव्हतं ते. मग मालगुजारी गेली आणि सरकारी माणूस नवे कागद लिहायला आला. त्याचं जेवण त्या दिवशी आमच्या घरी होतं, वाढायला मीच होते. त्यानं विचारलं, ये बोडी किसकी है? माझ्या सासऱ्यांनी तुझ्या सासऱ्यांकडे हात केला आणि म्हणाले, यांची. घरी आलेल्या माणसासमोर माझी म्हणणं त्यांना शोभलं नसतं. तुझे सासरे लगेच म्हणाले, छे छे, यांचीच. असं दोघांचं यांची-यांची चाललं. आधी पान खायला देताना कसं चालतं, आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, तसंच. सरकारी माणसाला उशीर होत होता. त्यानं पहिलं ऐकलं ते लिहिलं आणि हात धुवायला उठला. दोघे म्हातारे हसत बसले. कागदावर काय लिहिलं याची दोघांनाही फिकीर नव्हती. दोघे मेले तेही पाठोपाठ, न भांडता.

पुढं ते कोरडं साल आलं. पाणी थोडं आणि बांध्या दोघांच्या. आधी कोणाच्या बांधीत सोडायचं यावरून तुडुमापाशी बोलाचाली झाली आणि तुझ्या मालकांच्या, प्रेमलालभाऊंच्या तोंडून निघून गेलं, कागद आमच्या नावाचा आहे. आमचे मालक तसेच घरी आले, टोपी घातली आणि बालाघाटची बस धरली. झालं. एवढंच. तू मला बोललीस आणि मी तुला बोलले ते त्या दोघांच्या मागून. आपलं आपलं असं भांडण कुठं होतं? नवऱ्याच्या ताटाला ताट लावून बसलो तशा त्यांच्या भांडणाला भांडण लावून बसलो. ते दोघे गेले. कागदावर त्यांच्या नावांवर रेघ मारून वकिलांनी आपली नावं घातली. घरदार, गाईढोरं वाटून घ्यावी तसं आपल्याला हे वाटून मिळालं.

कोर्टानं मनाई दिली की निकाल लागेपर्यंत बोडीला कोणी कुदळ लावायची नाही. तेव्हापासून गाळ चढतो आहे. प्रेमलालभाऊंनी एकदा न राहवून पाळीवर चार टोपले माती टाकली, तर आमच्यांनी दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. आमच्यांनी तुडुमापाशी दगड लावले, तर तुमच्याकडून अर्ज. एकानं बुजवायचं, दुसऱ्यानं कोर्टाला कळवायचं. बोडीची राखण अशी चोख कोणी केली नसेल.

आमचे मालक गेले त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. मोतीलाल लहान. सांजेला परसाच्या कुंपणापाशी कढीभाताचा गंज ठेवलेला सापडला. कोणी ठेवला ते कोणी सांगितलं नाही. पण त्या गंजाला खाली पोचा होता आणि तो पोचा कसा पडला ते मला माहीत होतं, कारण माझ्याच हातून तो विहिरीच्या थारोळ्यावर पडला होता, तुझ्याकडं हळदीकुंकवाला आले होते तेव्हा. मी तो भात खाल्ला. रडत रडत खाल्ला. प्रेमलालभाऊ गेले तेव्हा तोच गंज भरून मी त्याच जागी ठेवला. दोनच दिवसांनी आपली तारीख होती आणि आपण एकाच बसनं गेलो, तू मागं, मी पुढं.

बरं, आता आजचं सांगते, त्यासाठीच कागद घेतला आहे. मी उतरले आहे पुष्पलताकडे, माझ्या बहिणीच्या मुलीकडे. ती इथं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. वरच्या कोर्टातून आपली केस खाली आली, पुन्हा नव्यानं ऐका म्हणून, त्याचा इंग्रजी कागद वकिलानं मला दिला. त्याला विचारलं तर म्हणाला, माताजी, फिर से सुनवाई होगी, आणि चालता झाला. मी पुष्पलताला म्हटलं, बाई, तू वाच, माझ्याबद्दल काय लिहिलं ते मला कळू तरी दे. ती वाचत गेली, सांगत गेली. एक शब्द सारखा येत होता, रायवल. ही रायवल, ती रायवल, या रायवलचं म्हणणं, त्या रायवलचं म्हणणं. मी विचारलं, हे कोण? ती म्हणाली, मावशी, तुम्ही दोघी. रायवल म्हणजे एकाच गोष्टीसाठी एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिलेले.

मी म्हटलं, बरोबर आहे, आहोत. पण ती पोर मास्तरीण आहे, तिला राहवेना. आत जाऊन उशीएवढा जाड शब्दकोश घेऊन आली. शब्द कुठून आला ते त्यात लिहिलेलं असतं म्हणे. चष्मा वर करून वाचलं आणि माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, मावशी, हे ऐक. लॅटिन म्हणून एक भाषा आहे, जशी आपली संस्कृत तशी त्यांची जुनी. तीत ओढ्याला, पाटाला एक शब्द होता, त्यातून हा निघाला. रायवल म्हणजे मुळात, एका ओढ्याचं पाणी घेणारे. एका काठावरचा आणि दुसऱ्या काठावरचा. बस, एवढंच.

मला आधी हसू आलं. इतकं आलं की पुष्पलता घाबरून पाणी आणायला धावली. मग रडू आलं, ते तिला दिसू नये म्हणून पदर तोंडावर घेतला. मैना, सात समुद्रांपलीकडे, कोण जाणे कधी, कोणीतरी आपल्यासाठी शब्द करून ठेवला होता! त्यांचाही ओहोळ असेल, त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या असतील. तिथंही दोन बाया असतील, एकीनं दुसरीला रोवणं शिकवलं असेल. नाव पडलं तेव्हा भांडण नव्हतंच त्यात. एका पाण्यावर जगणारे, एवढंच म्हणायचं होतं लोकांना. मग एखादं साल कोरडं गेलं असेल, कोणीतरी टोपी घालून कचेरीत गेला असेल, आणि पुढं लोक शब्दातलं पाणी विसरले, भांडण तेवढं राहिलं. पुष्पलता म्हणाली, असं होतं शब्दांचं. मी म्हटलं, शब्दांचं जाऊ दे बाई, माणसांचं होतं.

दुपारभर मी तिच्या पडवीत पडून होते. बाहेर नुसता वणवा. झोप नाही. थकले आहे मी, मैना. पायांनी थकले, त्या बसनं थकले, तुझं नाव वकिलाच्या तोंडून ऐकून थकले. तो तुला 'सामनेवाली' म्हणतो. तू मला तुझ्या वकिलापाशी काय म्हणतेस कोण जाणे, पण तोही मला सामनेवालीच म्हणत असणार. उकव्याच्या क्वार्टरमध्ये माझ्यासमोर कोणीच नसेल. भिंत असेल. मला तिथं जायचं नाही. हे मी मोतीलालला सांगू शकत नाही, पुष्पलताला सांगून तिला कळत नाही. ज्या बाईला कळेल तिच्याशी माझा अबोला.

म्हणून लिहिलं. चार दिवसांवर अक्ती आहे, कॅलेंडरातली अक्षय तृतीया. आठवतं ना, सासरे असताना बोडीतला गाळ काढायला अक्तीलाच सुरुवात व्हायची, पहिला टोपला बायांनी उचलायचा. मी उद्या गावी येते. अक्तीला ऊन चढायच्या आधी बोडीत उतरेन आणि कुदळ लावेन. मनाई आहे, हो, माहीत आहे. पण कोर्टाला कळणार कसं? आजवर तुझ्याकडून अर्ज गेला तेव्हा त्यांना कळलं, नाहीतर माझ्याकडून गेला तेव्हा. दोघींनी मिळून मोडली तर सांगायला जाणार कोण? तुझे गुडघे दुखतात, तू खणू नकोस. गाळ मी खणेन, टोपला मी भरेन. पण भरलेला टोपला एकटीला जमिनीवरून डोक्यावर घेता येत नाही, त्याला दुसरीचा हात लागतो, हे तुला सांगायला नको. तेवढा हात दे आणि पाळीवर बसून राहा. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, अबोला राहू दे, त्याची आता सवय आहे. कोतवाल आला आणि त्यानं विचारलं की कोणाची बोडी खणून राह्यली, तर मी सांगेन, मैनाबाईची. त्यावर तू काय सांगशील ते मला ठाऊक आहे.

तुझीच रायवल,
अनुसया